काशीरामचे बावीस पॉइंट

वेसाव्याच्या कोळीवाड्यातल्या धर्मा तांडेलाची ओळख करून द्यायची तर सुरुवात त्याच्या आवाजापासून करावी लागते. तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या. जाळं कुठे टाकायचं, कधी ओढायचं, कुणी कुठे उभं राहायचं हे त्याने सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. धर्माने तीस वर्षं सांगितलं. इंजिनाच्या धडधडीवर आवाज चढवायची सवय लागली ती घरातही सुटली नाही; त्याने चहा मागितला तरी शेजारच्या दोन घरांत माणसं दचकायची. अंगाने आडवा, रंगाने तव्यासारखा, डाव्या हाताचं मधलं बोट दोरीत सापडून अर्धं गेलेलं. त्या अर्ध्या बोटाने तो जेवढा धाक घालायचा तेवढा दुसऱ्या कुणाला पाच बोटांनीही घालता आला नसता. मनाने मात्र सरळ, आणि नियमाला पक्का. फारच पक्का, असं त्याची बायको पार्वती म्हणायची.

गेल्या दसऱ्याच्या आधी धर्माच्या छातीत दुखलं. अंधेरीच्या इस्पितळात त्याच्या काळजात दोन स्टेंट बसवले आणि बारीक चष्म्याच्या एका डॉक्टरीणबाईने सांगितलं, "काका, आता समुद्र बंद." धर्माने विचारलं, किती दिवस? ती म्हणाली, कायमचा. सदुसष्ट वर्षांच्या माणसाला लेकीच्या वयाच्या पोरीने एवढ्याशा आवाजात घरी बसवलं आणि तो काहीही न बोलता रिक्षात बसला. रिक्षावाल्यालाही रस्ता सांगितला नाही, तेव्हाच पार्वतीला भीती वाटली.

पण ती शांतता आठवडाभरच टिकली. मग धर्माने घर डोक्यावर घेतलं. पार्वती चाळीस वर्षं मासळीच्या पाट्या रचून बाजारात जात होती. तिला आता पाट्या कशा रचायच्या ते शिकायला मिळालं. गल्लीतल्या रिक्षा कुठे लावायच्या, नळाखाली कुणाची बादली आधी, सुके बोंबील उन्हात कुठल्या बाजूने पसरायचे, सगळ्याला हुकूम सुटू लागले. दहाव्या दिवशी पार्वतीने कंबरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "तुमी ऱ्हावा घरान. मीच जाते दर्यान."

बोट आता मुलाच्या, निमेशच्या हातात होती. बोटीचं नावही 'पार्वती'च. त्या बोटीवर धर्माच्या आज्यापासून चालत आलेली एक रीत होती. बोट परतली की विकायची मासळी विकायला जायची, पण त्याआधी घरच्या कालवणापुरती मासळी बाजूला काढून घराच्या ओट्यावर तिचे वाटे घालायचे. बोटीवर जितकी माणसं गेली तितके वाटे, आणि सगळे सारखे. तांडेलाचा वाटा खलाशापेक्षा एका बोंबलाने मोठा नाही. एका वाट्यात मोठं पापलेट गेलं तर दुसऱ्यात दोन लहान घालायची. वाट्याच्या मासळीने कुणी श्रीमंत होत नव्हतं. पण ज्याचा वाटा ओट्यावर मांडला तो बोटीचा माणूस, एवढं गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

दसऱ्यानंतर बोट पहिल्यांदा परतली तेव्हा निमेशने सहा माणसांचे सात वाटे घातले. सातवा बापाचा. धर्मा ओट्यावर उभाच होता. त्याने वाकून तो वाटा उचलला आणि परत टोपलीत टाकला.

"जो दर्यान नाय त्याला वाटा नाय."

"अरे बाबा, तुझीच बोट आहे ना," निमेश म्हणाला.

"बोट माझी. वाटा नाय."

गल्लीने मान डोलावली. तांडेल असावा तर असा, स्वतःलाही नियमातून सोडत नाही. खरं कारण मात्र पार्वतीला माहीत होतं.

सत्तावीस वर्षांपूर्वी, धर्मा तांडेल होऊन तीन वर्षं झाली होती तेव्हा, बोटीवर त्याचा चुलता काशीराम खलाशी होता. धर्माचा बाप लवकर गेला आणि काशीरामनेच त्याला दर्या शिकवला होता; वारा, ओहोटी, जाळ्याची गाठ, सगळं. पुढे काशीरामची नजर अधू होत गेली. एकदा दोरीत पाय अडकून तो पाण्यात जाता जाता वाचला आणि धर्माने त्याला घरी बसवलं. इथपर्यंत कुणीही तेच केलं असतं. पण धर्माने त्याच दिवसापासून त्याचा वाटाही बंद केला. घरच्या माणसाला एक नियम आणि बाहेरच्याला दुसरा, असं खलाशांनी म्हणायला नको होतं. पुढची आठ वर्षं, मरेपर्यंत, काशीराम आपल्या घराच्या ओट्यावर बसून हाताने चाचपत बोटीची फाटलेली जाळी तुणत राहिला. वाटे घालायची वेळ झाली की मात्र उठायचा, भिंतीला हात लावत लावत आत जायचा.

आता धर्माने आपला वाटा घेतला असता तर काशीरामचा का दिला नाही, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. म्हणून तो घेत नव्हता. आणि घेत नव्हता म्हणून रोजच्या ताटात त्याचा जीव नव्हता. पार्वतीच्या हातचं बोंबलाचं कालवण पुढे आलं की हे आपण कुणाच्या वाट्यातलं खातोय, हा विचार त्याला पहिल्या घासालाच गाठायचा. तीन महिन्यांत त्याचे सदरे ढगळ झाले.

"याला कशात तरी गुंतव," पार्वतीने नातीला फर्मान सोडलं. "नायतर यो तरी मरल नायतर मी तरी."

नात कल्पिता, निमेशची एकुलती एक, गोरेगावला अ‍ॅनिमेशन शिकत होती. शिक्षणासाठी घेतलेला तिचा लॅपटॉप एवढा जड होता की पाटाऐवजी बसायला चालला असता, आणि त्यावर शिक्षणापेक्षा गेमच जास्त होते. तिने आजोबाला त्याच्यासमोर बसवलं आणि एक गेम लावला.

"आबा, हा तुझा तांडा. पाच जण आहेत. यांना घेऊन डोंगर ओलांडायचा, पूल ओलांडायचा आणि पलीकडच्या गावात औषध पोचवायचं. तिथे साथ आलीय."

"बोट नाय?"

"नाही रे. चालत."

"येडे हायत," धर्मा म्हणाला, पण उठला नाही.

कारण पाच माणसं घेऊन कुठेतरी जायचं होतं. गेमने आधी पाचांची नावं विचारली. पहिल्याचं नाव धर्माने आपलंच दिलं. मग तीन नावं आपल्या जुन्या खलाशांची. पाचवा पांढऱ्या दाढीचा, एका डोळ्याने अधू असा म्हातारा होता. याचं नाव काय ठेवू, असं कल्पिताने विचारलं तेव्हा धर्माच्या तोंडून निघून गेलं, "काशीराम." तिने ते टाइप केलं. ती जन्मण्याआधीच काशीराम गेला होता, तिला ते नाव बाकीच्या नावांसारखंच एक.

पुढे गेमने सांगितलं की लढायला चौघंच जाऊ शकतात, एकाला छावणीत शेकोटीपाशी थांबावं लागेल. धर्माने म्हाताऱ्याला शेकोटीपाशी बसवलं. जराही विचार करावा लागला नाही त्याला.

मग खेळ सुरू झाला. एक पायरी पार केली की प्रत्येक सोबत्याला दोन पॉइंट मिळायचे, आणि ते कुठल्या कसबात घालायचे हे खेळणाऱ्याने ठरवायचं. कसबं सहा. कल्पिताने ती मराठीत लिहून लॅपटॉपच्या कडेला चिकटवली: तलवार, बाण, औषध, कुलूप, माग, हाळी. हाळी म्हणजे मागे उभं राहून दुसऱ्याला ओरडून सांगायचं. ज्याला हाक पोचली त्याला मारायची आणखी एक संधी. "पण हाळीचं सोड," कल्पिता म्हणाली. "दहा पॉइंट घातल्याशिवाय हाक पोचतच नाही. कुणी वापरत नाही ते."

धर्माने ऐकून घेतलं आणि पॉइंट वाटायला बसला. आता पॉइंट वाटायचे म्हटल्यावर वेसाव्याचा तांडेल ते कसे वाटणार? त्याने वाटे घातले. चौघांनाही सहाही कसबांत सारखे. दोन पॉइंट सहा ठिकाणी पुरत नसत तेव्हा या पायरीला तलवार आणि बाण, पुढच्या पायरीला औषध आणि कुलूप, मग माग आणि हाळी, अशी पाळी लावली आणि ती एकदाही चुकवली नाही. बोटांवर मोजून करायचा, अर्धं बोट धरून. राहिला शेकोटीपाशी बसलेला काशीराम. गेम त्यालाही दर पायरीला दोन पॉइंट देई. धर्मा त्याचं पान उघडी, आकडा बघी आणि पान मिटून टाकी. बसलेल्याला वाटा नाही.

दुपारी जेवून पार्वती बाजारात गेली की धर्माची मोहीम निघायची. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि आवाज पूर्वीचाच. "आरं, मागं हो! तुना दिसत नाय काय?" शेजारीण पहिल्या दिवशी धावत आली, तिला वाटलं खलाशांशी मारामारी चाललीय. नंतर तिलाही सवय झाली. संध्याकाळी घरी आलेल्या नातीला धर्मा दिवसभराची हकीकत सांगायचा. किती लांडगे, कुठला दरवाजा, कोण कसा वाचला. जेवण थोडं वाढलं. पार्वतीने लॅपटॉपला हळदकुंकू लावायचंच काय ते बाकी ठेवलं होतं.

जून उजाडला, मासेमारी बंद झाली, बोटी किनाऱ्याला लागल्या. आणि धर्माचा तांडा पुलापाशी अडकला.

पुलावर एक दगडी सोटा घेतलेला राक्षस होता. त्याने धर्माच्या तांड्याला पाणी पाजलं, एकदा नव्हे, चौदा वेळा. चौघांनाही तलवार थोडी यायची, औषध थोडं यायचं, सगळंच थोडं यायचं, आणि राक्षसाला ते थोडं पुरत नव्हतं. शेवटी एका रविवारी धर्माने मान खाली घालून नातीला बोलावलं. पार्वती तिथेच खाली बसून सुके बोंबील निवडत होती.

कल्पिताने चौघांची पानं उघडून पाहिली आणि कपाळाला हात लावला. "आबा, वाट लागलीय. चौघांनाही सगळं थोडं थोडं?"

"सारखं वाटलंय."

"असं नसतं रे वाटायचं. एकाला फक्त तलवार द्यायची, एकाला फक्त औषध. मग एकेक जण तयार होतो."

"आनि औषधवालाच पडला तर?" धर्माने विचारलं. "बोटीवर सगल्यांना सगलं यायला लागतं. इंजिनवाला आजारी पडला म्हनून बोट दर्यान सोडून देशील?"

कल्पिता लॅपटॉपकडे वळली. तिने दुसरा मार्ग काढला. छावणीत एक बाई आहे, ती सोनं घेते आणि सोबत्यांचं सगळं शिकलेलं पुसून टाकते, मग पॉइंट नव्याने वाटता येतात.

"शिकलेलं पुसते?"

"हो. सगळे तेच करतात."

"माझ्या खलाशांचं शिकलेलं मी पुसनार नाय," धर्मा म्हणाला, आणि हे इतक्या ठाम आवाजात की कल्पिताने त्या बाईचं नाव पुन्हा काढलं नाही. सहज म्हणून तिने पाचवं पान उघडलं.

"आबा, याचे बावीस पॉइंट तसेच आहेत. एकही वापरला नाहीस?"

"तो बसून हाय."

"असू दे ना. पॉइंट त्याचेच आहेत. तू त्याला नाही दिलेस म्हणून ते दुसऱ्या कुणाला मिळत नाहीत. नुसते पडून राहतात."

"कोन बसून हाय?" पार्वतीने खालून विचारलं.

"हा म्हातारा. काशीराम."

पार्वतीचा बोंबील निवडणारा हात थांबला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात ती त्याच्यावर कितीतरी वेळा ओरडली होती. आता ओरडली नाही.

"घरान आठ वर्सं बसवलाव त्याला," ती म्हणाली. "आता हिथं पन?"

धर्माने लॅपटॉपचं झाकण मिटलं आणि तो धक्क्याकडे निघून गेला. कल्पिताने आजीला विचारलं आणि आजीने सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर पोरगी शहाण्यासारखी वागली. आजोबाला तिने काही शिकवलं नाही. संध्याकाळी एवढंच म्हणाली, "तुझा तांडा आहे आबा. मी हात लावणार नाही."

चार दिवस धर्माने तो गेम उघडला नाही. किनाऱ्यावर ओढलेल्या आपल्या बोटीच्या सावलीत जाऊन बसायचा. त्याला लाज वाटत होती, आणि सत्तावीस वर्षं दाबून ठेवलेली लाज एकदम वर आल्यावर तिचं काय करायचं हे त्याला कळत नव्हतं. एक दिवस त्याला राहून राहून आठवत होता. काशीराम घरी बसल्यानंतर दोनेक वर्षांनी, ओहोटीच्या वेळी 'पार्वती' भरून खाडीत शिरत होती आणि धुक्यात धर्माचा अंदाज चुकला. समोर वाळूचा बांध होता. तेवढ्यात धक्क्यावरून हाक आली, "डावीकडं घे, धर्मा!" आंधळा काशीराम नुसत्या इंजिनाच्या आवाजावरून ओळखून ओरडत होता. धर्माने डावीकडे घेतलं, बोट वाचली, माणसं वाचली. त्या दिवशी मासळी भरपूर होती. ओट्यावर वाटे घातले, सारखे, आणि काशीराम रोजच्यासारखा भिंतीला हात लावत आत गेला. धर्माने त्याला जाताना पाहिलं होतं. थांब काका, एवढं म्हणायचं होतं. दोन शब्द, आणि दर्यावर ओरडणाऱ्या माणसाला ते जमले नाहीत.

पाचव्या दिवशी दुपारी धर्मा जेवून उठला, चष्मा लावला आणि लॅपटॉप उघडला. घरात कल्पिता होती, पण ती स्वयंपाकघरातच थांबली. त्याने काशीरामचं पान उघडलं. बावीस पॉइंट. पाळी लावली नाही, सहा ठिकाणी वाटले नाहीत. कडेच्या कागदावरचं शेवटचं कसब त्याने शोधलं आणि अर्ध्या बोटाने एकेक करत बावीसच्या बावीस पॉइंट हाळीत घातले.

आता काशीरामला पुढे न्यायचं तर चौघांतल्या एकाला मागे बसवायला हवं होतं. धर्माने तिन्ही खलाशांची पानं बघितली, मिटली. मग ज्याचं नाव धर्मा होतं त्याला उचलून शेकोटीपाशी बसवलं.

पुलावर गेल्यावर काय झालं ते कल्पिता आजही मैत्रिणींना रंगवून सांगते. म्हातारा लढला नाहीच. मागे उभा राहिला आणि हाका देत राहिला. बावीस पॉइंटांची हाक ती, पुलाच्या त्या टोकापर्यंत पोचत होती. त्याने हाक दिली की तलवारवाल्याला आणखी एक घाव मिळे. पुढची हाक दिली की तोच तलवार खाली ठेवून पडलेल्याला औषध देई, कारण औषधही सगळ्यांना थोडं थोडं येत होतंच. कुणी पडला तर दुसरा त्याचं काम करी. धर्माने घातलेले सारखे वाटे फुकट गेले नव्हते. त्यांना फक्त मागून सांगणारा हवा होता. तिसऱ्या फेरीला राक्षसाचा सोटा गळून पडला. चौथ्या फेरीला राक्षस पुलावरून खाली गेला.

"गेला," धर्मा म्हणाला. ओरडला नाही. चष्मा काढून त्याने डोळे पुसले आणि नात दारातून बघतेय हे माहीत असूनही पुसले.

तेरावी पायरी लागली. पाचही जणांना दोन दोन पॉइंट आले, शेकोटीपाशी बसलेल्या धर्मालाही. धर्माने त्याचं पान उघडलं. मग तेही घातले, एक औषधात, एक हाळीत.

नारळी पौर्णिमा झाली, दर्याला नारळ दिला, 'पार्वती'ला नवा रंग चढला आणि ती पाण्यात उतरली. पहिल्या फेरीहून परतली तो दिवस शुक्रवारचा, सकाळी नऊचा सुमार. बोंबील, कोळंबी, थोडी पापलेटं, चांगलीच मासळी लागली होती. निमेशने ओट्यावर वाटे घातले. सहा माणसांचे सहा. सातवा घालायचं त्याने दसऱ्यानंतर सोडूनच दिलं होतं.

"एक ऱ्हायला," धर्मा म्हणाला.

निमेशने वर पाहिलं. बापाचा चेहरा बघून त्याने प्रत्येक वाट्यातून थोडं थोडं काढून सातवा वाटा मांडला. धर्माने छोटी टोपली घेतली, सातवा वाटा तिच्यात भरला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "यो काशीरामकाकाचा. सत्तावीस वर्सांपूर्वी द्यायचा ऱ्हायला. माझं चुकलं होतं."

गल्लीत कुणी असं बोलत नाही. तांडेल तर नाहीच नाही. धर्मा टोपली घेऊन चालायला लागला आणि तीन घरं सोडून चौथ्या घराशी थांबला. तिथे काशीरामची मुलगी चेतना राहत होती, साठीला टेकलेली, नवरा गेलेला, पोरं नोकरीवर. ती दारात बसून चिंगळं, म्हणजे बारीक कोळंबी, सोलत होती. लग्नकार्यात, सणावारी दोघांचं बोलणं व्हायचं, पण या विषयावर एवढ्या वर्षांत एक शब्द झाला नव्हता.

"चेतना," धर्मा म्हणाला. आवाज इतका खाली गेला होता की तिने दोनदा पाहिलं. "तुझ्या बाचा वाटा आनलाय."

तिने ना टोपली घेतली ना ती उठली. हातातली चिंगळं सोलून वाडग्यात टाकली.

"वैनी द्यायची आमाला," ती म्हणाली. "बाजारातून येताना रोज कायतरी टाकून जायची. आठ वर्सं."

"मना ठावं हाय."

"बा खायचा. पन म्हनायचा, ही पार्वतीची माया हाय. वाटा नव्हं."

धर्मा उभा राहिला. टोपली त्याने पुढे धरली. चेतनाने पदराला हात पुसले, टोपली त्याच्या हातातून घेतली आणि मासळी उलटीपालटी करून पाहिली, बाजारात पाहावी तशी.

"बोंबील हायत," ती म्हणाली. "बाला आवडायचे."

टोपली घेऊन ती आत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, आणि धुतलेल्या टोपलीत मूठभर तांदूळ होते, कारण कुणाचं भांडं रिकामं परत द्यायची रीत त्या गल्लीत नाही. तिने ती टोपली धर्माच्या हातात दिली, पण लगेच सोडली नाही.

"दादा, आता बोट येईल तवा तुझा पन वाटा घे," ती म्हणाली. "वाटे घालायच्या वेलेला उठून आत जाऊ नको. मी बघितलंय ते. परत बघायचं नाय मना."

"नाय जानार," धर्मा म्हणाला, आणि हे मात्र नेहमीच्या आवाजात म्हणाला, कारण तीन घरांपलीकडे चुलीवर कालवण ठेवणाऱ्या पार्वतीलाही ते ऐकू गेलं.